शिकवलेलं कुठल्या भिंतीवर टांगायचं?

सिडनी बंदरावरचा पोलादी पूल 19 मार्च 1932 रोजी वाहतुकीला खुला झाला. ऑस्ट्रेलियाच्या चित्रकार डोरिट ब्लॅक यांनी तो त्याआधीच रंगवून ठेवला होता. ‘द ब्रिज’ या त्यांच्या 1930 सालच्या तैलचित्रात दोन्ही काठांवरून निघालेले कमानीचे हात एकमेकांकडे झेपावलेत आणि मधे अजून आभाळच आहे. खालची घरं, किनारा, पाणी, सगळं सपाट पैलूंमध्ये तोडून पुन्हा जुळवलेलं. ऑस्ट्रेलियातलं पहिलं घनवादी निसर्गचित्र म्हणून आता त्याचा उल्लेख होतो. ते ॲडलेडच्या आर्ट गॅलरी ऑफ साउथ ऑस्ट्रेलियात आहे, आणि तिथं ते पोचलं ते डोरिटबाईंनी आपल्या मागे ते गॅलरीला देऊन ठेवलं म्हणून.

हे चित्र डोळ्यांसमोर आहे. त्याची लांबीरुंदी लिहिता येते, साल लिहिता येतं. पण या बाईंनी आयुष्यातली कितीतरी वर्षं जे शिकवलं, ते कुठे आहे? ते कुठल्या भिंतीवर टांगायचं?

हा प्रश्न आज विचारायचं कारण असं, की ऑस्ट्रेलियात गेली काही वर्षं स्त्री-चित्रकारांच्या जागेवरून मोठी आणि गंभीर चर्चा चालू आहे. कॅनबराच्या राष्ट्रीय कलादालनानं 2019 साली आपलाच संग्रह तपासला, तेव्हा ऑस्ट्रेलियन कलेच्या विभागात स्त्रियांची कामं फक्त 25 टक्के निघाली. त्यातून ‘नो माय नेम’ (Know My Name, म्हणजे ‘माझं नाव जाणून घ्या’) ही मोहीम उभी राहिली. प्रदर्शनं झाली, खरेदीची धोरणं बदलली, विसरलेली नावं पुन्हा घेतली जाऊ लागली. मी या मोहिमेच्या पूर्ण बाजूचा आहे. एका सरकारी संस्थेनं आपला ताळेबंद असा जाहीर मांडावा, ही साधी गोष्ट नाही.

तरीही मला वाटतं, की हिशेबाची वही तीच ठेवून आपण फक्त आकडे दुरुस्त करतो आहोत. त्या वहीत चित्रांचा रकाना आहे, शिकवण्याचा नाहीच. आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियातल्या स्त्रियांनी आधुनिक कलेसाठी जे केलं, त्यातला फार मोठा भाग वर्गात झाला.

डोरिट ब्लॅक यांचा जन्म 1891 सालचा, ॲडलेडचा. शिक्षण आधी ॲडलेडला, मग सिडनीत ज्युलियन ॲश्टन यांच्या कलाशाळेत. 1927 साली त्या लंडनला गेल्या आणि ग्रोव्हनर स्कूल ऑफ मॉडर्न आर्टमध्ये क्लॉड फ्लाइट यांच्या लिनोकटच्या, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापायच्या चित्रांच्या, वर्गात बसल्या. काही महिन्यांचीच गोष्ट, पण हाताला वळण लागलं ते कायमचं.

लिनोलियम म्हणजे खरं तर जमिनीवर अंथरायची वस्तू. जवसाचं तेल घट्ट करून त्यात बुचाचा भुगा मिसळायचा आणि तागाच्या कापडावर थापायचं. ज्यानं लिनो कापला आहे त्याला ठाऊक असतं, थंडीत तो कडक होतो, कटर अडखळतो आणि घसरला तर नेमका डाव्या अंगठ्याकडे येतो. म्हणून तुकडा आधी उन्हात ठेवायचा. ऊन लागलं की तो लोण्यासारखा कापला जातो, त्यातून किंचित तेलकट वास येतो आणि कटरच्या पुढे बारीक कुरळी साल निघत जाते. जे कापलं ते कोरं राहणार, जे राहिलं ते छापलं जाणार, आणि सगळं उलट, आरशातल्यासारखं. पुढचं मागे आणि डावं उजवीकडे धरून विचार करायला हे माध्यम भाग पाडतं.

फ्लाइट यांची पद्धत अशी, की प्रत्येक रंगाला स्वतंत्र ठसा. सगळ्या आकृतीची काळी बाह्यरेषा देणारा मुख्य ठसा नाहीच. रंगावर रंग चढतो आणि त्यातूनच आकार उभा राहतो. प्रेसची गरज नाही, पातळ जपानी कागद ठशावर ठेवून मागून हातानं घासलं की झालं. छत्रीच्या काडीपासूनसुद्धा कोरायचं हत्यार करता येतं, असं ते सांगत. त्यांची इच्छा होती, की सामान्य माणूस बिअरवर किंवा सिनेमाच्या तिकिटावर खर्च करतो तेवढ्या पैशांत त्याला एक छाप घरी नेता यावा. त्या वर्गातून निघालेल्या छापांना आज लिलावात हजारो पौंड मोजावे लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डोरिटबाईंचा ‘म्युझिक’ हा लिनोकट याच काळातला. संगीताच्या लयीत वळणाऱ्या मानवी आकृती, आणि त्यांच्या कडा एकमेकींत अशा मिसळलेल्या की नजर एका जागी टेकतच नाही. पुढे मेलबर्नच्या एव्हलिन साइम यांच्या हाती फ्लाइट यांचं लिनोकटवरचं पुस्तक पडलं, आणि 1929 च्या सुमारास त्या आणि त्यांची बालमैत्रीण एथेल स्पोअर्स याच वर्गात दाखल झाल्या. (दोघींची घराणी मेलबर्नमधल्या दोन प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांची. मैत्री मात्र जन्मभर टिकली.) लंडनच्या एका वर्गातली रीत तीन बायकांच्या हातून दुसऱ्या खंडात रुजली, ती अशी.

लंडनहून डोरिटबाई पॅरिसला गेल्या, चित्रकार आंद्रे लोत यांच्या अकादमीत. 1928 च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या मिरमांद या डोंगराळ गावी लोत यांचं उन्हाळी शिबिर भरलं, तिथं ऑस्ट्रेलियाच्या तिघी एकत्र होत्या: डोरिट ब्लॅक, ग्रेस क्रौली आणि ॲन डँगर. मुंबईचे जहांगीर साबावाला वीस वर्षांनी याच लोत यांच्याकडे शिकले. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचं तर डोरिट ब्लॅक आणि साबावाला ही गुरुभावंडं. साबावालांच्या चित्रांत समुद्र, ढग आणि माणसं ज्या पैलूदार पातळ्यांमध्ये विभागलेली दिसतात, त्या शिस्तीचं मूळ आणि ‘द ब्रिज’मधल्या शिस्तीचं मूळ एकाच शाळेत आहे. हे नातं कुठल्याही एका चित्रात दिसत नाही. ते शिकवण्यातूनच जोडलं गेलं आहे.

डोरिटबाई 1929 च्या अखेरीस सिडनीला परतल्या आणि 1931 साली त्यांनी 56 मार्गारेट स्ट्रीट इथं मॉडर्न आर्ट सेंटर सुरू केलं. आधुनिक कलेला वाहिलेलं हे ऑस्ट्रेलियातलं पहिलं केंद्र मानलं जातं. तिथं प्रदर्शनं होत आणि वर्गही भरत. काळ महामंदीचा. चित्रं विकत घेणारे कमी, आणि असली चित्रं घेणारे तर मोजकेच. दोन वर्षं कशीबशी रेटून 1933 साली केंद्र बंद झालं. त्यांचा ‘नॉक्टर्न, विनयार्ड स्क्वेअर’ हा 1932 चा लिनोकट त्याच परिसरातला, केंद्रापासून पावलांच्या अंतरावरचा. पुढे त्या ॲडलेडला परतल्या, मॅगिल भागात घर आणि स्टुडिओ उभारला आणि 1940 पासून तिथल्या सरकारी कलाशाळेत शिकवू लागल्या. 1951 च्या सप्टेंबरमध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय 59.

आता या आयुष्याचा हिशेब आपण कसा मांडतो ते पाहा. साधारणपणे असा: परदेशात झपाट्यानं शिकल्या, सिडनीत धाडस केलं, ते फसलं, मग ॲडलेडला जाऊन शिकवू लागल्या. शेवटच्या वाक्यातला सूर ‘मागे पडल्या’ असाच लागतो.

पण त्यांच्या स्वतःच्या गुरूंकडे पाहताना हा सूर कुठे जातो? ज्युलियन ॲश्टन यांनी 1890 साली शाळा काढली, ती आजही सिडनीत चालू आहे आणि त्यांचं नाव मुख्यतः त्या शाळेमुळे घेतलं जातं. लोत यांचं कलेच्या इतिहासातलं स्थान त्यांच्या चित्रांइतकंच, किंबहुना काकणभर जास्तच, त्यांच्या अकादमीमुळे आहे. फ्लाइट यांचं तर जवळजवळ सगळं नाव काही वर्षं चालवलेल्या एका वर्गावर उभं आहे. या तिघांपैकी कुणाबद्दलही ‘पोटासाठी शिकवावं लागलं’ असं हळहळून लिहिलं जात नाही. पुरुषानं शिकवलं की त्याचं ‘स्कूल’ होतं आणि बाईनं शिकवलं की तिची नोकरी होते. माझा सगळा आक्षेप या एका गोष्टीवर आहे. मोजमाप एकच लावायचं ठरवलं, तर मॉडर्न आर्ट सेंटर फसलं असं म्हणताच येणार नाही.

कारण त्यातून पुढे काय निघालं ते पाहा. ग्रेस क्रौली आधी डोरिटबाईंच्या केंद्रात शिकवत होत्या. तिथून निघून त्यांनी चित्रकार रा फिझेल यांच्याबरोबर 1932 साली सिडनीच्या जॉर्ज स्ट्रीटवर स्वतःची शाळा काढली आणि ती 1937 पर्यंत चालवली. राल्फ बॉलसन घरं रंगवण्याचं काम करायचे. दिवसभर भिंतींना रंग लावायचा आणि संध्याकाळी ॲश्टन यांच्या शाळेतल्या वर्गाला यायचं. तिथं क्रौली आणि डँगर शिकवत. पुढे जॉर्ज स्ट्रीटच्या वर्तुळातही ते आले. 1941 साली याच बॉलसन यांनी सिडनीत निव्वळ अमूर्त चित्रांचं एकल प्रदर्शन भरवलं, आणि ऑस्ट्रेलियातल्या अमूर्त कलेची कहाणी सांगताना आजही तिथूनच सुरुवात करतात. बॉलसन यांची प्रतिभा त्यांचीच होती. पण तोवर पॅरिसला न गेलेल्या एका रंगाऱ्यापर्यंत पॅरिसचा विचार पोचला तो दोन शिक्षिकांच्या मार्फत.

ॲन डँगर यांची गोष्ट मला याहून हलवून जाते. फ्रान्सहून परतल्यावर त्यांनी ॲश्टन यांच्या शाळेत नवं शिकवून पाहिलं, ते तिथं रुचलं नाही. 1930 साली त्या फ्रान्सला परत गेल्या आणि घनवादी चित्रकार आल्बेर ग्लेझ यांच्या मोली-साबाता या कलाकारांच्या वसाहतीत कुंभारकाम करत राहिल्या. कायमच्या. पण तिथून क्रौलींना त्या पत्रं पाठवत राहिल्या, आणि त्या पत्रांमध्ये ग्लेझ यांचे धडे असत. आकृती कशी फिरवायची, कशी सरकवायची, रचनेला गती कशी द्यायची. बोटीनं पत्र यायचं आणि सिडनीतल्या वर्गात तो धडा गिरवला जायचा. या पत्रव्यवहाराला काय म्हणाल? तो संग्रहालयात ‘कागदपत्रं’ या सदरात जातो. मी त्याला डँगर यांच्या मातीच्या भांड्यांइतकंच त्यांचं काम मानतो. डँगर गेल्या तेही 1951 सालीच.

ॲडलेडला ‘मागे पडलेल्या’ डोरिटबाईंकडे 1940 च्या सुमारास जेफ्री स्मार्ट नावाचा एक तरुण यायचा. चित्राच्या चौकटीची भूमितीय विभागणी कशी करायची, सुवर्णप्रमाण म्हणजे काय, रेषा कुठे छेदली की नजर थांबते, हे त्यांनी त्याला शिकवलं. स्मार्ट यांनी ते ऋण स्वतः मान्य केलं आहे. पुढे ते ऑस्ट्रेलियाचे सर्वांत लोकप्रिय चित्रकारांपैकी एक झाले. त्यांचं 1962 चं ‘काहिल एक्सप्रेसवे’ पाहा: ओसाड वळणदार रस्ता, काँक्रीटच्या भिंती आणि एकटा जाडसर माणूस. त्यातली एक रेषा इकडची तिकडे करता येत नाही. त्या घट्टपणात एका शिक्षिकेचा हात आहे, आणि चित्राखालच्या पाटीवर तिला जागा नाही.

आपल्याकडे गाण्यात हे वेगळं आहे, आणि मराठी माणसाला ते सांगावं लागत नाही. गाणारा नवा असला की पहिला प्रश्न, कुणाकडे शिकला? मोगूबाई कुर्डीकर म्हटलं की अल्लादिया खाँसाहेब येतात आणि किशोरी आमोणकर येतात. मोगूबाईंच्या मैफिली आणि ध्वनिमुद्रिका एवढंच त्यांचं संचित, असं कुणी जाणता माणूस म्हणणार नाही. किशोरीताईंना त्यांनी कसं घडवलं, कौसल्या मंजेश्वरांपासून पद्मा तळवलकरांपर्यंत कुणाकुणाला तालीम दिली, हे सगळं मिळून मोगूबाई. शिष्य हे गुरूच्या कामाचंच पुढचं पान असतं, ही समज आपल्या कानांत मुरलेली आहे. चित्रकलेचा इतिहास लिहिताना, इथंही आणि तिथंही, ती समज दाराबाहेर राहते. वस्तू विकता येते, विम्यात घालता येते, म्हणून इतिहास वस्तूचा होतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. बायकांना ‘शिक्षिका’ म्हणून बाजूला बसवण्याची चाल जुनीच आहे. कितीतरी जणींनी चित्रकार म्हणून ओळख मिळावी यासाठी आयुष्य घालवलं, आणि आता तुम्ही पुन्हा त्यांचं शिकवणंच पुढे आणता? चित्रकार थिया प्रॉक्टर 1921 साली इंग्लंडहून सिडनीला परतल्या तेव्हा लोकांना त्या ‘धोकादायक आधुनिक’ वाटल्या. त्याच प्रॉक्टरबाईंनी पुढे अनेक वर्षं रचना शिकवली, किती विद्यार्थ्यांच्या हातात पहिल्यांदा लिनो दिला. त्यांना ‘सुसंस्कृत शिक्षिका’ या चौकटीत बसवणं हा अन्यायच झाला असता.

आक्षेपातली भीती खरी आहे. पण चित्रकार की शिक्षिका, असा कौल लावायला लावणं हीच मुळात फसवणूक आहे. ॲश्टन यांना तो लावावा लागला नाही. डोरिटबाईंच्या हातून चित्रं आणि छाप कमी झाले असतील, शिकवण्यानं वेळ खाल्ला असेल, तेही मी मान्य करतो. कलाशाळेत तास घेऊन घरी आल्यावर पुन्हा लिनो कापायला बसण्यासाठी काय बळ लागतं, ते शिकवणाऱ्याला विचारावं. पण शिकवण्यात गेलेला वेळ वाया गेला असं धरलं, तरच ही तक्रार उभी राहते. तो वेळ स्मार्ट यांच्या रेषेत आहे. आणि ज्यांची नावं कधीच कुठे आली नाहीत, अशा कितीतरी जणांच्या नजरेतही आहे.

ऑस्ट्रेलियाच्याच चित्रकार मार्गारेट प्रेस्टन यांचं नाव इथं घ्यायलाच हवं. वाराटा आणि बँक्सिया या रानफुलांच्या रंगीत काष्ठठशांमुळे त्या घराघरांत पोचल्या. आदिवासी कलेतले आकार त्यांनी ज्या मोकळेपणानं उचलले, त्याबद्दल आज त्यांना जाब विचारला जातो, आणि तो योग्यच आहे. पण पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, 1918 साली, इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात सील-हेन इथल्या लष्करी रुग्णालयात युद्धाच्या धक्क्यानं खचलेल्या सैनिकांना त्या हस्तकला शिकवत होत्या, हे किती जणांना माहीत असतं? स्फोटाच्या आवाजानं ज्यांचे हात थरथरत होते, त्यांच्या हातात त्यांनी माती दिली. फिरत्या चाकावर तो गोळा मधोमध धरायचा तर हात स्थिर व्हावाच लागतो. यातलं कुठलंही भांडं दालनात नसलं तरी ते काम झालेलंच आहे.

मला याची एवढी आच का, तेही सांगतो. मी नववीत असताना आमच्या चित्रकलेच्या सरांनी मला पहिल्यांदा लिनो कापायला दिला. एटीडी (चित्रकला-शिक्षकाची पदविका) झालेले, शांत माणूस. शाळा त्यांच्याकडून फळ्यावरचे सुविचार लिहून घ्यायची, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवून घ्यायची, प्रमाणपत्रांवर मुलांची नावं लिहून घ्यायची, आणि सहामाही जवळ आली की त्यांचा तास गणिताला द्यायची. तरीही एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सरावासाठी ते रविवारी सकाळी वर्ग उघडून बसत. मी माझं नाव सुलटं कोरलं होतं, छाप उलटा आला. सर काही बोलले नाहीत. खिशातून छोटा आरसा काढून ठशासमोर धरला. त्यांच्या निरोपसमारंभात भाषण करणाऱ्यांनी सांगितलं, की सर चांगले चित्रकारही होते. तो ‘ही’ मला अजून टोचतो. आणि ते उत्तम शिक्षक होते, हे त्या दिवशी बोलावं असं कुणाला सुचलंच नाही.

म्हणून संग्रहालयांकडे माझं मागणं साधं आहे. बायकांची चित्रं जरूर घ्या, आणखी घ्या. पण त्याबरोबर त्यांच्या वर्गांचे कागद जपा. धड्यांच्या वह्या, हजेरीपट, फीच्या पावत्या, चुकलेले ठसे, विद्यार्थ्यांनी गिरवलेले सराव. पाटीवर कलाकाराचं नाव आणि साल लिहिता, तिथंच ‘कुणाकडे शिकल्या, कुणाला शिकवलं’ ही एक ओळ वाढवा. ‘काहिल एक्सप्रेसवे’च्या पाटीवर डोरिट ब्लॅक हे नाव येऊ द्या. त्यासाठी नवा पैसा लागत नाही, बघण्याची जागा बदलावी लागते.

ॲडलेडच्या गॅलरीनं 2014 साली डोरिटबाईंचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. विखुरलेले छाप आणि चित्रं एकत्र आली, त्यांचं महत्त्व नव्यानं कळलं. हे काम फार मोलाचं आहे. त्यांच्या वर्गाचं तसं सिंहावलोकन अजून व्हायला हवं, आणि त्याला वेळ थोडा उरला आहे. 1951 साली त्यांच्या वर्गात बसलेलं सतरा-अठरा वर्षांचं पोर आज नव्वदी ओलांडून गेलं आहे. त्यांच्यापैकी जे कुणी असतील, त्यांच्या माळ्यावर एखादी रेखाटनवही असेल, कडेला बाईंच्या हातची दुरुस्ती असलेली. ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन कुणीतरी त्यांच्या घरी आताच जायला हवं.